डाव्या बाजूचा खळगा

धोंडीराम सोनटक्के यांच्या साच्यातला अडीच मिलिमीटरचा उंचवटा मी घासून काढला. त्यांना न विचारता, ते गावाला गेलेले असताना, त्यांनीच विश्वासानं दिलेल्या किल्लीनं कुलूप उघडून. आणि घासून झाल्यावर शिट्टी वाजवत घरी गेलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण धोंडीरामभाऊंच्या गमती सांगताना मी खूप हसणार आहे, आणि हा माणूस साळसूदपणे हसतोय असं कुणाला वाटू नये.

तळवड्याच्या पुढे, चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, पत्र्याच्या गाळ्यांची एक ओळ आहे. तिथे कुणी वॉशर पाडतं, कुणी पावडर कोटिंग करतं, कुणी खोकी बनवतं. मी सव्वीस वर्षं एका कंपनीत तपासणी विभागात काढली. आता चार नंबरच्या गाळ्यात बसून इतरांचे पार्ट मोजून रिपोर्ट देतो. शर्टाच्या वरच्या खिशात बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर असतो. लग्नाला जाताना बायको तो काढून घेते. पाच नंबरच्या गाळ्यात धोंडीरामभाऊ होड्या करतात.

होड्या म्हणजे छोट्या, रिमोटवर चालणाऱ्या, हौशी लोक तळ्यात सोडतात त्या. पण धोंडीरामभाऊ पूर्ण होडी करत नाहीत. ते फक्त खालचा पोकळ भाग करतात, तीन फूट लांबीचा, फायबरचा, पाण्यात बसणारा. त्याला ते पोट म्हणतात. "मी पोटं करतो," असं ते नव्या माणसाला सांगतात आणि समोरच्याचा चेहरा बघत बसतात. "डोकं ज्याचं त्यानं बसवावं."

एकदा फोनवर कुणी गिऱ्हाईक विचारत होतं की याचा वेग किती. धोंडीरामभाऊ म्हणाले, "पोट हाय हो. पोट कुटं पळत आस्तं का? पळनारं तुमी बसवा."

ते मूळचे बीड जिल्ह्यातले. त्यांच्या गावाला नदी आहे, पण ती फक्त नकाशावर. आयटीआय करून पिंपरीत आले, एका फाउंड्रीत लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवायच्या खात्यात उमेदवारी केली आणि तिथेच केस पांढरे केले. फाउंड्री बंद पडली तेव्हा पुण्याचा एक हौशी माणूस एक ड्रॉइंग घेऊन त्यांच्याकडे आला, की असा आकार लाकडात काढून द्याल का. धोंडीरामभाऊंनी काढून दिला. मग त्यावरून साचा केला. मग साच्यातून पोटं निघायला लागली आणि धंदा सुरू झाला. या सगळ्यात त्यांनी समुद्र पाहिला नाही. अजून पाहिलेला नाही.

सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, रोज दुपारी डबा घेऊन येतात आणि आठवड्यातून एकदा तरी हा विषय काढतात. "लगीन झाल्यापास्नं सांगते, आलिबागला न्या."

"समुद्र म्हंजे लई पानी," धोंडीरामभाऊ भाकरी मोडत म्हणतात. "येवड्या पान्याला काय इचारनार? समदं एकदम बोलतंय ते. आपली टाकी बरी. एका टायमाला एकच उत्तर देती."

आता टाकीबद्दल सांगायला हवं. त्यांच्या अर्ध्या गाळ्यात विटांची बारा फूट लांब टाकी आहे. स्वतःच्या हातानं बांधलेली, आतून निळा रंग दिलेली. गाळामालक भाडं घ्यायला आला की आधी टाकीकडे बघून सुस्कारा टाकतो. त्या टाकीवर धोंडीरामभाऊंचा सगळा कारभार चालतो. सकाळी आल्या आल्या ते चहाच्या गाळणीनं पाण्यावरची धूळ काढतात. साच्यातून निघालेलं प्रत्येक पोट टाकीत सोडलं जातं, त्यात जुन्या मोज्यांमध्ये भरलेले नटबोल्ट वजन म्हणून ठेवले जातात आणि ते एक दिवस, एक रात्र तसंच राहतं. दुसऱ्या दिवशी वजन काढायचं. मग धोंडीरामभाऊ बाही वर करून पाण्याखाली हात घालतात, डाव्या बाजूनं अंगठा फिरवतात, ओठातल्या ओठात काहीतरी बोलतात, आणि पोट बाहेर काढून म्हणतात, "जा."

त्यांचं पालुपद एकच. "पान्याला इचारू."

गेल्या वर्षी मी नवे बूट घेतले. कौतुकानं दाखवायला गेलो. "चांगले दिस्तेत," ते म्हणाले, "पन पान्याला इचारू," आणि डावा बूट टाकीत सोडला. पाण्यानं काय सांगितलं ते मी पुढचे दोन दिवस उजव्या पायात बूट आणि डाव्या पायात चप्पल घालून भोगलं. कलिंगड, नारळ, सुमनवहिनींच्या कुकरची रिंग, सगळ्यांची हजेरी त्या टाकीत लागून गेली आहे. शेजारच्या वॉशरवाल्यानं एकदा गमतीनं विचारलं, "भाऊ, यंदा माझ्या कामाचं कसं आहे?" धोंडीरामभाऊंनी गंभीरपणे त्याचा एक वॉशर घेतला आणि टाकीत टाकला. तो बुडाला. "दम धरा जरा," ते म्हणाले.

त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी मुलगा बघायला आम्ही दोघं जायचं ठरलं होतं. धोंडीरामभाऊंनी उलट मुलालाच गाळ्यावर बोलावलं. नाशिकचा, चांगला शिकलेला मुलगा. त्याच्या हातात एक ताजं पोट दिलं आणि सांगितलं, हे पाण्यात सोडा. मुलगा गोंधळला. मग गुडघे टेकले, दोन्ही हातांनी ते पोट पाण्यावर ठेवलं आणि ते स्थिर होईपर्यंत हात काढले नाहीत. धोंडीरामभाऊ मला बाहेर घेऊन आले. "पोरगं बरं हाय," म्हणाले. पगार मीच विचारला.

उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी टँकरनं येतं, आणि कधी येत नाही. अशा एका दिवशी खोकीवाले बादली घेऊन आले. मला वाटलं, टाकीला हात लावू देणार नाहीत. धोंडीरामभाऊंनी स्वतः खालचा नळ सोडून दिला. "खालून घ्या. पायजे तेवडं घ्या. वरचं पानी ड्यूटीवर हाय, त्याला नका हलवू."

असा हा माणूस. आता माझ्या चुकीकडे येतो.

त्यांच्या प्रत्येक पोटाला डाव्या बाजूला, नाकापासून वीतभर मागे, पाण्याखाली राहील अशा जागी एक खळगा होता. लंबगोल, उथळ. मी पहिल्याच महिन्यात तो मोजला होता. खोली अडीच मिलिमीटर. दुसरं पोट मोजलं, तिथेही अडीच. म्हणजे दोष पोटात नाही, साच्यात. साच्याच्या आतल्या बाजूला तेवढाच उंचवटा असणार आणि तो प्रत्येक पोटावर खळगा होऊन उमटणार. मी हे धोंडीरामभाऊंना सांगितलं. शोध लावल्यासारखं सांगितलं.

"आसू द्या," ते म्हणाले.

"अहो, पण त्यानं होडी डावीकडे ओढ घेईल."

"घेती की. एक सूतभर. मी सांगतो गिऱ्हाइकाला, सुकाणू एक सूत उजवीकडं ठिवा म्हनून."

"पण मुळात खड्डाच काढला तर?"

"आसू द्या हो, इस्पेक्टरसायेब."

मला ते इन्स्पेक्टरसाहेब म्हणतात. प्रेमानं की चेष्टेनं, हे मला कधी कळलं नाही. मात्र 'का असू द्या' हे मी विचारलं नाही. सव्वीस वर्षं खड्डा कुठे आहे ते लिहून द्यायचं काम केलं. तो का आहे हे विचारायचा रकाना माझ्या फॉर्ममध्ये नव्हता.

पण मला चैन पडेना. मला वाकडं काही दिसलं की हात शिवशिवतात. आमच्या देवघरातले देव मी एका रेषेत लावतो आणि बायको ते रोज पुन्हा हलवते. चार वर्षं मी शेजारच्या गाळ्यातून तो खळगा बाहेर पडताना पाहत होतो. पोटामागून पोट, पार्सलमागून पार्सल.

गेल्या वैशाखात धोंडीरामभाऊ आणि सुमनवहिनी पुतण्याच्या लग्नाला गावाला गेले. आठ दिवस. जाताना किल्ली माझ्याकडे दिली. "टाकीवर लक्ष ठिवा. गाळनी खुंटीला हाय."

तिसऱ्या दिवशी मी गाळणीनं धूळ काढली आणि माझी नजर साच्याकडे गेली. मला खरंच वाटलं की मी त्यांना भेट देतोय. आळसामुळे किंवा वयामुळे त्यांच्याकडून राहून गेलेलं काम आपण करून ठेवू, ते परत येतील, पहिलं पोट काढतील, आणि खुश होतील. मी मोठ्या मनाचा शेजारी आहे याचा तो पुरावा असणार होता. दीड तास लागला. काम मी सुरेख केलं. तेवढं तरी खरं आहे.

ते परत आले. पुरणपोळ्या आल्या, लग्नाचे किस्से आले. दोन दिवसांनी त्यांनी नवं पोट साच्यातून काढलं, टाकीत सोडलं, मोजे ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्यांच्या गाळ्यात जाऊन उभा राहिलो. चेहऱ्यावर हसू तयार ठेवलं होतं.

धोंडीरामभाऊंनी बाही वर केली. हात पाण्याखाली घातला. अंगठा फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला. मग हात बाहेर न काढता तसेच बसून राहिले. कोपरापर्यंत पाण्यात हात, आणि नजर समोरच्या पत्र्यावर. थोड्या वेळानं उठले, साच्याकडे गेले, आत हात घालून चाचपलं. ओल्या हातानंच.

"गेला," ते म्हणाले.

"काय गेलं?"

"काय न्हाई. नऊ वर्सं झाली, दर बारीला मेन लावून घासतो. झिजला आसंल. माज्याच हातानं गेला."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. हसू अजून माझ्या चेहऱ्यावर होतं, ते काढायला मला वेळ लागला, आणि तेवढ्यात बोलायची वेळ निघून गेली.

दुपारी सुमनवहिनी डबा घेऊन आल्या तेव्हा ते जेवायला बसले नाहीत. कोपऱ्यावर चक्कर मारून येतो म्हणाले. वहिनी माझ्या गाळ्याच्या दारात टेकल्या. त्यांच्याकडून मला कळलं.

धोंडीरामभाऊंचे वडील, अण्णा, पाणाड्या होते. विहीर कुठे खणायची हे सांगणारे. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालायचं, आणि नारळ जिथं उभा राहील तिथं पाणी, अशी त्यांची रीत. कुणी काही विचारलं, अगदी पोराचं बारसं कधी करावं हेसुद्धा, की म्हणायचे, पान्याला इचारू. त्यांनी दाखवलेल्या काही विहिरींना पाणी लागलं, काहींना लागलं नाही. ज्यांच्या विहिरी कोरड्या गेल्या त्यांच्या दारावरून अण्णा जायचे नाहीत. म्हातारपणी त्यांना गावातल्या गावात फार वळसे पडायला लागले, असं सांगताना वहिनी हसल्या.

नऊ वर्षांपूर्वी अण्णा मोतीबिंदू काढायला लेकाकडे आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून गाळ्यात स्टुलावर बसायचे. धोंडीरामभाऊंनी नुकताच होडीचा लाकडी नमुना पुरा केला होता, वर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, शेवटचा हात दिला होता. अण्णांनी जन्मभर माती दाबून ओल बघितलेली. त्यांनी वाकून नमुन्याला अंगठा लावला, चांगला दाबून, आणि निदान केलं: "वल्लं हाय अजून."

"हे चिडले," वहिनी म्हणाल्या. "अण्णा, दोन दिसाचं काम घालवलंत म्हन्ले. तर अण्णा म्हन्ले, पान्याला इचार, काय फरक पडत न्हाई. मंग रागातच तसाच साचा काढला. म्हन्ले, आता नमुना जाऊ द्या, दुसरा चांगला करीन. अण्णा गावाला गेले आन् त्याच साली वारले. मंग दुसरा केलाच न्हाई."

लाकडी नमुना पुढे वाळवीनं खाल्ला. राहिला तो साचा. त्यातला उंचवटा.

"हे म्हन्तेत," वहिनी डब्याचं झाकण पुसत म्हणाल्या, "मानूस जलमभर पानी हुडकत हिंडला. आता त्याचा आंगटा कुटं कुटं पान्यात हाय. कोचीनला हाय, नागपूरला हाय. रोज हात लावून तेच सांगतेत त्यांना. आज कुटं चाललाव ते."

मी खिशातला व्हर्निअर काढून टेबलाच्या खणात ठेवला. का ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी परत खिशात घातला.

त्यानंतर चार महिने मी कबुली द्यायचा प्रयत्न करत होतो. एकदा चहा पिताना निश्चय करून तोंड उघडलं आणि म्हणालो, "साखर कमी आहे." एकदा चिठ्ठी लिहिली. सवयीनं ती रिपोर्टासारखी झाली, निरीक्षण, कारण, शेरा, म्हणून फाडली. बायकोला सांगितलं. ती उठली आणि देवघरात जाऊन सगळे देव वाकडे करून आली. "तसेच राहू देत," म्हणाली.

इकडे धोंडीरामभाऊंनी पोटं करणं बंद केलं. गिऱ्हाइकांना सांगायचे, साचा खराब झालाय. कुणाची फुटलेली पाण्याची टाकी सांध, कुणाच्या गाडीचा बंपर नीट कर, एका मंगल कार्यालयाच्या दारातला फायबरचा हत्ती सोंडेत तडकला होता तो बरा कर, अशी कामं घ्यायला लागले. निळ्या टाकीत पाणी होतं पण गाळणी खुंटीलाच असायची. एक दिवस मी मुद्दाम नवी चप्पल घालून गेलो. म्हटलं, "बघा, कशी आहे?" त्यांनी बघितली. "बरी हाय," म्हणाले. तिला पाण्यात टाकली नाही. त्या दिवशी मला झालेल्या चुकीचं वजन कळलं.

मी मनाशी म्हटलं, ज्या अंगठ्याचा साचा गेला त्या अंगठ्याची पोटं तर आहेत ना जगात. एका पोटावरून पुन्हा साचा घेता येतो. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "ह्यांनी येकबी ठिवलं न्हाई. पोट ठिवून घ्यायचं नस्तंय म्हन्तेत." मग त्यांच्याकडून मी पत्त्यांची वही मागून घेतली, धोंडीरामभाऊंना कळू न देता, आणि फोन लावायला लागलो.

त्या फोनांनी मला चांगला धडा दिला. नागपूरचे एक डॉक्टर म्हणाले, "हो, होता ना खड्डा डाव्या बाजूला. मी पुट्टी भरून मस्त लेव्हल केला. काळजी करू नका." सांगलीचा एक इंजिनियर म्हणाला, "कळवायचंच होतं तुम्हाला. भरून टाकला." कोचीनच्या माणसाशी मी हिंदीत बोललो, त्यानंही तेच सांगितलं. रंग देण्याआधी प्रत्येकानं खळगा बुजवला होता आणि प्रत्येकाला वाटत होतं मी आभार मानायला फोन केलाय. मला वाटायचं, असला हात माझा एकट्याचाच. निघाले सगळेच इन्स्पेक्टर.

वहीच्या पहिल्या पानावर तळेगाव दाभाड्याच्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांचं नाव होतं. त्यांचा फोन लागेना. रविवारी स्कूटर काढली आणि गेलो.

दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. मी होडीबद्दल विचारलं.

"बोट कसली," त्या म्हणाल्या, "कुंडी आहे ती माझी."

गॅलरीत दोन साखळ्यांवर ते पोट टांगलेलं होतं. रंग नाही, मोटर नाही, काही नाही. आत माती आणि ओव्याचं भरघोस झाड.

"नऊ वर्षं मोटर आणतो म्हणाले. मग मी ओवा लावला."

"पुढच्या महिन्यात आणणारच होतो," आतून सर म्हणाले.

मी खाली वाकून डाव्या बाजूला हात लावला. मातीचा थर होता. नखानं खरवडला. अंगठा खळग्यात गेला आणि मी तिथेच त्या अनोळखी बाईंच्या गॅलरीत खाली बसलो. त्यांनी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन मी सगळं सांगितलं. धोंडीरामभाऊंना जे चार महिन्यांत सांगता आलं नाही ते या दोघांना दहा मिनिटांत सांगून झालं.

बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "न्या. पण ओव्याला एवढीच लांब कुंडी आणून द्यायची, आणि रोप तुम्हीच हलवायचं. मुळं तुटता कामा नयेत."

लांब कुंडी शोधायला तळेगावात दोन तास गेले. रोप हलवायला एक तास. पोटाच्या तळाला बाईंनी पाणी निथळायला भोकं पाडली होती, चार. असली होडी स्कूटरच्या मागच्या सीटवर बांधून मी चाकण रस्त्याला लागलो. रस्ता नेहमीप्रमाणे गच्च. ट्रकांच्या मधे उभा असताना शेजारच्या बाइकवाल्यानं हेल्मेटची काच वर केली.

"काका, पुढं पाणी भरलंय का?"

"नाही."

"मग होडी कामून?" तोही मराठवाड्याचा असावा. "का आता ह्या ट्रॅफिकातनं अशीच काढायची?"

मी इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर हसलो.

गाळ्यावर पोचलो तेव्हा धोंडीरामभाऊ हत्तीच्या सोंडेला पॉलिश पेपर मारत होते. सुमनवहिनी डबा घेऊन बसल्या होत्या. मी पोट त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं, उलटं, डावी बाजू त्यांच्याकडे करून. थोडी माती सांडली.

धोंडीरामभाऊंनी हात पुसले. पहिल्यांदा भोकांकडे बघितलं. "ही कुनी पाडली?"

"ती मी नाही पाडली," मी म्हणालो. "पण साच्यातला उंचवटा मी घासला. तुम्ही लग्नाला गेला होता तेव्हा. तुमच्या हातानं नाही गेला, भाऊ. माझ्या हातानं गेला. चार महिने मी गप्प बसलो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. अंगठा खळग्यात ठेवला होता, तो तिथेच होता. बाहेर कुणाचा तरी ट्रक मागे घेताना वाजत होता.

मग ते म्हणाले, "कितवा पेपर मारला?"

"आधी चारशे. मग हजार."

"आन् पॉलिश?"

"केलं."

"तरीच," ते वहिनींकडे वळून म्हणाले. "तुला म्हन्लं न्हाई का? म्या म्हन्लं, झिजून एवडं साफ व्हत न्हाई. माज्या हाताला काय ही सफाई न्हाई." मग माझ्याकडे बघून, "चांगलं काम केलं हो, इस्पेक्टरसायेब. वाइटातलं चांगलं."

मी म्हणालो, मला माफी मागायची आहे. नीट मागायची आहे.

"माज्याकडं कामून? आंगटा माजा व्हता का?" ते म्हणाले. "ज्याचा व्हता त्याच्याकडं मागा. थांबा जरा. आठ दिस लागतेत."

आठ दिवस मी माफी तशीच धरून थांबलो आणि सांगतील ते काम केलं. भोकं बुजवली, माती धुतली, पोटाला मेण लावलं, सहा हात. खळग्याजवळ मला जाऊ दिलं नाही. तेवढी जागा ते स्वतः मलमलच्या फडक्यानं करायचे. साचा झाला. तो सुटून आला तेव्हा आत डाव्या बाजूला उंचवटा होता, आणि सुमनवहिनींनी त्याला हळदीकुंकू लावलं. मग त्या नव्या साच्यातून पहिलं पोट निघालं. धोंडीरामभाऊंनी खुंटीवरची गाळणी काढली, चार महिन्यांची धूळ काढायला त्यांना सकाळ पुरली, मग पोट टाकीत सोडलं. मोजे ठेवले.

दुसऱ्या दिवशी मला हाक मारली. वहिनी डबा न आणता लवकर आल्या होत्या. त्यांचं अलिबागचं ठरलं होतं, येत्या दिवाळीनंतर, पहिलं पोट बरोबर घेऊन. "समुद्राला इचारून बगू म्हन्तेत," त्या मला हळूच म्हणाल्या. "अण्णांना दावायचा हाय."

"बाही वर करा," धोंडीरामभाऊ म्हणाले.

मी बाही वर केली, टाकीच्या कठड्याला टेकून वाकलो, तसा खिशातला व्हर्निअर सुटला आणि पाण्यात गेला. आम्ही तिघांनी त्याला तळाशी जाऊन टेकेपर्यंत बघितलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पान्याला काय मोजायचं आसंल."

पाणी गार होतं. होडीच्या डाव्या बाजूला खालून हात घातला, वीतभर मागे, आणि माझा अंगठा खळग्यात गेला. सैल बसला. अण्णांचा अंगठा माझ्यापेक्षा चांगलाच रुंद होता. धोंडीरामभाऊ दुसरीकडे बघत होते, वहिनी गाळणी झटकत होत्या. काय म्हणायचं ते मी चार महिने ठरवत होतो, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"अण्णा," मी म्हणालो, "माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं."